श्रावणातलं बुजगावणं

वहिनी, तुम्हांला जाऊन दीड महिना झाला होता, आणि मी तुम्हांला भर शेतात हाक मारली.

झालं असं. आश्विनातला रविवार होता. जाता पाऊस एक सर टाकून गेला होता आणि चष्मा भिजू नये म्हणून मी तो उपरण्यात गुंडाळून कनवटीला लावला होता. चष्म्याशिवाय मला काय दिसतं ते तुम्हांला ठाऊक आहे. कल्याणहून चालत ठाकुर्लीच्या शेतावर पोचलो तर मधल्या बांधापाशी तुम्ही उभ्या. तेच पानांचं इरलं, तसंच डावीकडे कललेलं, आणि तशीच जरा वाकलेली पाठ. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. एवढंच आलं की भिजताहेत, पुन्हा ताप चढेल. मी ओरडलो, "अहो वहिनी, पाऊस थांबला की! उतरवा ते इरलं आणि चला घरी, दादा वाट बघताहेत!"

बांधाखाली गवत काढणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या हिराबायने कोयता कमरेला खोचला आणि अगदी हळू, तापातल्या माणसाला सांगावं तसं मला म्हणाली, "धाकले राव, ती वयनी नाय. तो बुजगावना हाय. काल मीच उभा केलाय, वयनीचा इरला घालून."

एक बाई पदराआड हसली. मी काहीतरी बोलायचं म्हणून "असं होय, छान केलंत," म्हणालो, बुजगावण्याला उगाच मान लववली, मागे सरकलो आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो.

हसा, वहिनी. तुम्ही असतात तर बांधावर बसकण मारून हसला असतात. बुजगावण्याची आणि माझी ओळख जुनी. ती किती जुनी आहे हे जगात फक्त तुम्हांला, मला आणि हिराबायला ठाऊक आहे, असं मी कालपर्यंत समजत होतो. कालचं शेवटी सांगतो. तुम्ही नेहमी म्हणायचात की बाळ्याला गोष्ट सांगायला बसवला तर तो आधी गावाला वळसा घालून येतो. तेव्हा वळसा घालू द्या.

तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा तुम्ही दहा वर्षांच्या, मी सात वर्षांचा. चारचौघांत तुम्ही मला भावोजी म्हणायचात, बांधावर नुसतं बाळ्या. मी मात्र आईच्या धाकाने तुम्हांला अहो-जाहो करत राहिलो, अगदी तुमच्या हातात माझा कान असतानासुद्धा. पहिल्यांदा तो कान धरलात तो चतुरावरून. मी एक लालबुंद चतुर पकडून त्याच्या शेपटीला दोरा बांधला होता आणि तो पतंगासारखा उडवत अंगणभर नाचत होतो. तुम्ही आलात, दोरा दातांनी तोडलात आणि माझा कान पिळलात.

"शिपायाला बेडी घालतोस?"

"हा कसला शिपाई?"

"बघ तरी तो खातो काय ते!"

मग आपण दोघं शेताच्या कडेला बसून राहिलो. चतुर भातावरून घिरट्या घालत होता आणि एक एक पाखरू वरच्यावर उचलत होता. तुमच्या वडिलांनी तुम्हांला मुरबाडकडच्या शेतात हे दाखवलं होतं. आमच्या घरात तोवर शेताकडे बघायची रीत नव्हती. आमच्याकडे शेत होतं, एवढंच. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, दादा कचेरीत. भात खळ्यावर आलं की आम्ही ते बघायला जायचो, तेही छत्री घेऊन.

तुम्ही आलात आणि हळूहळू शेतच तुमचं झालं. आई कुरकुरली, शेजारीपाजारी कुजबुजले, पण दोन हंगामांत बोलणारे गप्प झाले, कारण आपल्या भाताच्या चुडात लोंब्या होत्या आणि त्यांच्यात गप्पा.

तुमचं वर्ष मला अजून तोंडपाठ आहे. वैशाखात राब, म्हणजे रोपांची जागा, भाजताना सगळं गाव आपले बांध जाळून तासून गुळगुळीत करायचं. तुम्ही मात्र मधल्या बांधाला कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. त्यावरून आपलं भांडण दर वर्षी व्हायचं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचो, "वहिनी, लोकांचे बांध बघा, कसे न्हाव्याकडून आल्यासारखे! आणि आपला म्हणजे दाढी वाढवलेला बैरागी." तुम्ही म्हणायचात, "बैरागी आहे म्हणून तर सगळे त्याच्याकडे वस्तीला येतात." त्या गवतात कोळी उन्हाळा काढायचे. पाऊस पडला, लावणी झाली, की तिथून उतरून भाताचं एकेक चूड, एकत्र लावलेल्या रोपांची जुडी, वाटून घ्यायचे.

लावणी संपली की ऐनाच्या वाळक्या फांद्या शेतात मध्ये मध्ये रोवायच्या. त्यांच्यावर कोतवाल येऊन बसायचा, काळाकुळकुळीत, शेपटीची कात्री फाकवून. खाली अळी हलली की झेप, आणि परत त्याच फांदीवर. तुम्ही त्याला हात जोडायचात. एकदा मी म्हटलं, आमच्या कचेरीत असा एक जरी असता तर कामं वेळेवर झाली असती. तुम्ही म्हणालात, "तुझ्या कचेरीत असा एक असता तर तू तिथे उरला नसतास."

आणि ती वाटी! भाद्रपदात पानाच्या शेंड्यावर मातकट केसाळ टिकली दिसते ना, ती अळीची अंडी. मी चिमटीत चिरडायला निघालो तर तुम्ही ते पान तोडून वाटीत ठेवलंत आणि वर मलमलीचा तुकडा बांधलात. चार दिवसांनी मला बोलावलंत. वाटीत अळी एकही नव्हती. चिलटाहून बारीक अशा काळ्या माश्या मलमलीला आतून चिकटल्या होत्या. त्यांनीच आधी येऊन त्या अंड्यांत आपली अंडी घातली होती. "आत चोर होता," तुम्ही म्हणालात, "बाहेर शिपाई आला." आणि फडकं सोडून त्यांना दारातून शेताच्या दिशेने सोडून दिलंत. अशा सोडल्यात की जणू लेकी सासरी चालल्या होत्या.

आश्विनात ठिपक्यांच्या लाल पाठीचे ते मुगाएवढे किडे. कापणी झाली, वाल पेरला, की ते वालावर मुक्कामाला, मावा खात. "शिपायांची हिवाळी कचेरी," असं मी म्हटलं होतं, आणि तेवढं एक तुम्हांला आवडलं होतं. तुम्हांला आवडलेली माझी वाक्यं मी मोजून ठेवली आहेत. फार नाहीत.

बुजगावणं तुम्ही सर्वांत शेवटी लावायचात. दाण्यात दूध भरलं, पोपट आणि चिमण्यांचे थवे उतरू लागले, की मग. "तोवर पाखरू आपलं," म्हणायचात, "त्यानंतर ते स्वतःच्या पोटाचं."

आता ते वर्ष.

मी नुकताच ठाण्याच्या कचेरीत चिकटलो होतो, म्हणजे जगात मला न कळणारं असं काही उरलेलं नव्हतं. लग्नाला वर्ष झालं होतं. श्रावण लागला आणि तुमच्या आईच्या आजारपणाचा निरोप आला. जाताना तुम्ही मला शेतावर नेलंत आणि म्हणालात, "महिनाभर लक्ष ठेव. करायचं काही नाही. फक्त बघ."

वहिनी, कारकुनाला यापेक्षा कठीण काम कुणी सांगितलं नसेल. कागद समोर आला की त्यावर शेरा मारल्याशिवाय आमचा हात राहत नाही. पहिल्याच रविवारी गेलो. बघतो तर फांद्यांवर पाखरं, चिखलात बगळे, बांधावर साळुंक्या. मी म्हटलं, अरेरे, बाईमाणूस, हिच्या भोळेपणामुळे सगळं पीक पाखरांच्या पोटात चाललं आहे! मी फांद्या उपटल्या आणि हिराबायला चुलीसाठी देऊन टाकल्या. घरी येऊन दादांच्या पेटीतून त्यांचा जुना काळा अल्पाक्याचा कोट काढला, न विचारता. बांबू, पेंढा, कोट, वर माझी जुनी पगडी, हाताशी एक वेत. असं बुजगावणं कल्याण तालुक्यात तोवर झालं नसेल. लांबून जाणारे लोक त्याला मुजरा करायचे.

हिराबाय कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "धाकले राव, श्रावनात कोन लावतं बुजगावना? दाना कुटं हाय?"

"बाई, हे नवीन शास्त्र आहे."

"असंल बा," ती म्हणाली, "पन कोतवालाला ठाऊक नाय."

पाखरं गेली. एकूण एक गेली. मी इतका खूश झालो की दर रविवारी शेताला प्रदक्षिणा घालून परत यायचो. खाली वाकून बघायचं असतं हे मला कुठे माहीत?

भाद्रपदात तुम्ही परतलात. बांधावर थांबलात. मग चिखलात उतरून त्या बुजगावण्याच्या अंगावरचा कोट काढलात, झटकलात, घडी घातलीत आणि मला एवढंच विचारलंत, "याचं मधलं बटण कुठाय?"

भात निसवलं तेव्हा अर्ध्या शेतात लोंब्या उभ्याच्या उभ्या पांढऱ्या. हाताने ओढली की लोंबी सुळकन बाहेर, बुडाशी अळीने कातरलेली, आत दाणा नाही. हिराबाय त्याला पळींज म्हणते. त्या वर्षी आपल्या घरात प्रथमच विकतचा तांदूळ शिजला.

पहिल्याच पंगतीला दादांनी विचारलं, "शेत असं गेलं कसं?" माझ्या हातात घास होता. तुम्ही वाढत होतात. आमची ही, तेव्हा नवी नवरी, दाराआड उभी होती. मी घास खाली ठेवला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "चूक माझी. जाताना मीच सांगितलं होतं बुजगावणं लावायला."

दादा "हूं" म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं. मी घास उचलला आणि खाल्ला. वहिनी, बावीस वर्षं झाली, तो घास अजून गळ्याखाली नीट उतरलेला नाही.

त्यानंतर मी दर रविवारी शेतावर येऊ लागलो. तुम्हांला वाटलं असेल, बाळ्याला शेतीची गोडी लागली. गोडी कसली? लाज वाटायची. तुमच्या तोंडासमोर उभं राहायची लाज, आणि न येण्याची त्याहून जास्त. म्हणून यायचो आणि तुम्ही सांगाल ते करायचो. "चूड बाजूला कर. बूड बघ. काय दिसतंय?" "काही नाही." "डोळे आणलेत का ठाण्याला ठेवून आलास? पुन्हा बघ." वर्षभराने मला कोळी दिसू लागले. दोन वर्षांनी त्यांच्या पोटाखालची अंड्यांची पांढरी पिशवी. तिसऱ्या वर्षी तुमचा नियम मिळाला: दहा चुडं उघडून बघायची. तुडतुडे दिसले आणि त्यांच्यात कोळीही दिसले, तर घरी जाऊन जेवायचं.

मी वाद घालायचो, हे खरं. कोळी काय, समोर येईल ते खातो. चांगला-वाईट बघत नाही. मधमाशीही खातो. त्यावर तुमचं उत्तर: "शिपाईसुद्धा कधी भलत्याच माणसाला धरतो. म्हणून कचेरीला कुलूप लावतोस का?" या मुद्द्याला माझ्याजवळ आजही उत्तर आहे, पण आता ऐकवू कुणाला?

एकदा मी हे सगळं लिहून काढायचं ठरवलं होतं. 'शेतरक्षककीटकविचार' असं नावसुद्धा दिलं होतं. पहिली अकरा पानं तुम्हांला वाचून दाखवली. तुम्ही शेवटपर्यंत शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "सगळं छान आहे. यात किडा कधी येतो?" किडा बाराव्या पानावर येणार होता. ते बारावं पान राहिलंच. हे त्याच्याऐवजी समजा.

यंदाच्या श्रावणात तुम्हांला ताप आला. चौथ्या दिवशी दुपारी तुमच्या उशाशी मी एकटाच होतो. ठरवूनच बसलो होतो, की आज सांगायचं. आभारही मानायचे आणि म्हणायचं की आता दादांना खरं सांगतो. मी म्हटलं, "वहिनी, ते बुजगावणं..."

तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "फांद्या रोवल्या का?"

"रोवल्या."

"मग झालं."

आणि मग खरोखरच सगळं झालं. माझं वाक्य तिथेच अडकून राहिलं.

तेरावा आटपला आणि दादांनी मला ओटीवर बोलावलं. तुम्हांला दादा माहीत आहेत. दिवसातून मोजून शब्द काढणारा माणूस. म्हणाले, "शेत मक्त्याने देऊन टाकू. बघणारं कोण आहे?" मी म्हटलं, मी बघेन. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तिच्यासारखीच्या हातूनसुद्धा एक वर्ष गेलं. त्या बुजगावण्याचं. मग तुझ्या हातून काय राहणार?"

वहिनी, माझी काय गत झाली असेल! खरं बोलावं तर शेत त्याच क्षणी गेलं. ज्याने पीक घालवलं तोच पीक राखायला मागतो आहे. न बोलावं तर तुमच्या नावावर तो डाग तसाच, आणि आता तो पुसायला तुम्हीही नाही. मी डोकं खाली घातलं आणि म्हटलं, "हा एक हंगाम द्या." ते म्हणाले, "कापणीपर्यंत." मी मनात ठरवलं, भाताची रास पडू दे. राशीसमोर सांगेन. शेत राहिलं तर राहिलं, गेलं तर गेलं, पण तुमचं नाव मोकळं करीन.

आणि नेमके यंदाच तुडतुडे आले.

भाद्रपद अर्धा झाला आणि भातातून चालावं तर पोटऱ्यांवर टपटप उडायचे. आपल्या शेजारचे विनायकराव फार पुढारलेले गृहस्थ. त्यांनी घासलेटचे डबे आणले, शेतातल्या पाण्यात ओतले आणि दोन गड्यांकडून दोर ओढून भात झोडपलं. तुडतुडे पाण्यात पडून मेले, पटापट. दोन दिवस त्यांच्या बांधावर जत्रा होती. विनायकराव मला म्हणाले, "अहो, बघत काय उभे राहिलात? बाईमाणसाचे खेळ झाले आता. डबा ओता!" संध्याकाळी घरी येतो तर दादांनीच एक डबा आणवून ओटीवर ठेवलेला. नुसतं त्याच्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पोट दुखत असल्याचा निरोप धाडला. डबा घेऊन शेतावर आलो. बूच काढलं. तो वास यायला आणि डोळ्यांपुढे तो काळा कोट उभा राहायला एकच गाठ पडली. पुन्हा श्रावणातलं बुजगावणंच होतं ते, फक्त पातळ केलेलं. मी बूच लावलं, धोतर खोचलं आणि खाली उतरलो. पहिलं चूड बाजूला केलं. तुडतुडे, पिठासारखे. दुसरं. तेच. तिसऱ्याच्या बुडाशी एक कोळी, पाण्यावरून चालत, तोंडात तुडतुडा. चौथ्यात दोन. पाचव्यात एक मादी, पोटाखाली पिशवी. दहा होईपर्यंत माझी कंबर धरली होती आणि मी मोठ्याने हसत होतो. हिराबाय बांधावरून म्हणाली, "काय गावला, धाकले राव?"

"शिपाई! सगळे हजर आहेत!"

"मंग?"

"मग काय? घरी जाऊन जेवतो."

जेवलो खरा, पण सांगतो वहिनी, पुढचे दहा-बारा दिवस मला अन्नाची चव नव्हती. तुमच्यासारखा नियम सांगता येणं वेगळं आणि तो पाळून झोपता येणं वेगळं. विनायकरावांच्या बाजूच्या कोपऱ्यात आपलं भात घोंगडीएवढं पिवळं पडलं. हिराबायसुद्धा चरकली. "पीक पिवला परला, धाकले राव. वयनी असती तं..." आणि थांबली. मी विचारलं, "असत्या तर काय केलं असतं?" तिने विचार केला आणि म्हणाली, "घरी गेली असती." मग आम्ही दोघं घरी गेलो.

घोंगडी घोंगडीएवढीच राहिली. पलीकडे विनायकरावांच्या शेतात मात्र पंधरा दिवसांत तुडतुडे परत आले, आणि या वेळी त्यांना धरायला तिथे कुणीच नव्हतं. घासलेटने कोळी मेले होते, पाण्यातले किडे मेले होते, बेडकांनी घर बदललं होतं. जागोजागी भात करपून बसलं, शेतात कुणी निखारे टाकावेत तसं. विनायकराव एका सकाळी आमच्या बांधावर आले, आमच्या हिरव्यागार भाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही नेमकं टाकलंत तरी काय?" मला अकरा पानं तोंडपाठ होती, वहिनी. पण मी तो मोह आवरला. मी त्यांना मधल्या बांधावर नेलं, ती बैराग्याची दाढी हाताने बाजूला केली आणि म्हटलं, "काही नाही टाकलं. यांना राहू दिलं." ते खाली वाकले. मोठा माणूस इतक्या सहज वाकतो हे मला माहीत नव्हतं. जाताना विचारलं, पुढच्या वैशाखात त्यांचाही एक बांध न जाळता ठेवला तर चालेल का. तुम्ही जिंकलात, वहिनी. बांधाच्या भांडणातही जिंकलात. मी हार मान्य करतो, आणि ती मान्य करताना मला इतका आनंद झाला की पूर्वीच का नाही केली याचं नवल वाटतं.

दाणा भरल्यावर हिराबायने ते तुमच्या इरल्याचं बुजगावणं लावलं, ज्याला मी घरी चला म्हणालो. पोपट फिरकले नाहीत. पण त्यानंतरच्या रविवारी, या खेपेला चष्मा लावून, मी बघितलं तर इरल्याच्या टोकावर कोतवाल बसला होता. निर्धास्त, शेपटी फाकवून. मी त्याला हाकललं नाही. दोघेही मिळून शेत बघत होते आणि मी तिसरा.

काल मळणी संपली. खळ्यावर रास पडली. गेल्या पाच-सहा वर्षांत अशी पडली नव्हती, हे मी म्हणत नाही, हिराबाय म्हणते, आणि ती कुणाची भीड ठेवत नाही. दादा बैलगाडीतून आले, गुडघे दुखत असूनही. चिमूटभर भात घेतलं, तूस काढून दाणा दातांखाली फोडला आणि म्हणाले, "बरं आहे."

मी राशीसमोर उभा राहिलो. या वयात, पाठीवर इतक्या वर्षांची नोकरी, आणि मोठ्या भावासमोर उपरण्याचं टोक पिळतो आहे. मी म्हटलं, "दादा, त्या वर्षीचं बुजगावणं वहिनींनी सांगितलेलं नव्हतं. मी लावलं. त्यांनी उलट काही करू नकोस म्हणून बजावलं होतं. फांद्याही मीच उपटल्या. पीक मी घालवलं आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं. आता शेत मक्त्याने द्यायचं असेल तर द्या, पण त्यांच्या नावाने ते वर्ष पुन्हा बोलू नका."

दादा राशीकडेच बघत होते. "कोट माझा होता, बाळ्या," ते म्हणाले. "माझ्या कोटाचा एक टाका उसवला तर ती दिवा लागायच्या आत घालून द्यायची. आणि असा कोट ती श्रावणाच्या पावसात उभा करायला सांगेल?"

मी विचारलं, "म्हणजे तुम्हांला माहीत होतं?"

"पहिल्या घासापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तिने माझ्या तोंडावर एक गोष्ट सांगितली. तिला खोटी पाडू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी ओटीवर मुद्दाम काढलं होतं ते वर्ष. म्हटलं, बघू तरी, आता तरी तोंड उघडतो का. फार दिवस लावलेस." आणि गाडीकडे वळता वळता, "वाल वरच्या तुकड्यापासून पेर. तिथली ओल आधी जाते."

तुम्ही बोलतं न करता दादा दहा-बारा वाक्यं सलग बोलले, वहिनी. मी खळ्यावर बसलो आणि भाताच्या राशीत तोंड लपवून रडलो. नंतर तोंडभर तूस झालं म्हणून शिंकत सुटलो. हिराबाय म्हणाली, "रडायचा तं धड रडा."

शेत राहिलं. तुमचं नाव कधी काळं झालंच नव्हतं. आणि मी बावीस वर्षं एका गुपितावर पहारा देत बसलो होतो, जे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सगळ्यांना म्हणतो, कारण संध्याकाळी घरी येऊन मी हे सारं आमच्या हिला सांगितलं. वाल निवडत होती. तिने हात थांबवला नाही. मी विचारलं, "तुलाही माहीत होतं?"

"जाऊबाईंनी त्याच दिवशी सांगितलं, पंगत उठल्यावर," ती म्हणाली. "मी म्हटलं, मग यांना तसं सांगून मोकळं का करत नाही? तर म्हणाल्या, 'मुळीच नको. मनाला लागून राहिलंय तोवर दर रविवारी शेतावर येईल. येईल तर बघेल, बघेल तर शिकेल. माझ्यामागे कुणीतरी शिकलेलं हवं ना.' आता लागायचं थांबलं असेल तुमचं. पण म्हणून येत्या रविवारी घरात लोळायचं नाही, वाल पेरायचाय. आणि मोठ्या भाऊजींचा तो कोट माझ्या पेटीत आहे. पुढल्या श्रावणात मला किल्ली मागायची नाही."